कॅमेरा कुठला, त्याआधी उडी कितवी?

पत्र, थोडक्यात : पत्रलेखक २९ वर्षांचे, मूळचे सांगली जिल्ह्यातले, नोकरीनिमित्त अमेरिकेत अ‍ॅरिझोनात. गेल्या वर्षी इलॉयच्या ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्या मारायच्या मैदानावर, स्कायडायव्हिंग शिकले आणि पहिल्या पातळीचं 'ए' लायसन्स मिळवलं. आजवर ४१ उड्या झाल्यात. वडील एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते, आता निवृत्त. मुलाचे हे उद्योग कळल्यापासून ते फोनवर जेवढ्यास तेवढं बोलतात. पन्नासावी उडी स्वतःच शूट करून वडिलांना पाठवायची, म्हणजे यात घाबरण्यासारखं काही नाही हे त्यांना दिसेल, असा पत्रलेखकांचा बेत आहे. ते लिहितात : "ड्रॉपझोनवरचे जुने लोक 'दोनशे उड्यांआधी कॅमेरा नाही' एवढं बोलून विषय संपवतात. कारण विचारलं की खांदे उडवतात. मला हा निव्वळ सिनियरपणा वाटतो. एक मित्र म्हणतो हेल्मेटवर नको तर मनगटावर बांध, दुसरा म्हणतो छातीवर. कॅमेरा मी घेऊन ठेवलाय, छोटा आहे, आवडला नाही तर बदलूनही मिळेल. सगळ्यांत सुरक्षित कॅमेरा आणि माउंट कुठला, एवढंच सांगा."

---

तुमच्या जुन्या लोकांवर आधी मीच थोडी चिडते. नियम सांगायचा आणि कारण गिळायचं, ही खोड आपल्याकडच्या शाळामास्तरांइतकीच ड्रॉपझोनवरही मुरलेली आहे. मी साडेनऊशे उड्या मारल्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक डोक्यावर कॅमेरा घेऊन, दुसऱ्यांचे व्हिडिओ काढत. मग डाव्या गुडघ्याने रामराम केला आणि थांबले. पण माझ्या पस्तिसाव्या उडीला मीही हाच प्रश्न विचारला होता आणि मलाही उडवलेले खांदेच मिळाले होते. म्हणून कारणं सांगते. मग कॅमेऱ्याचं बोलू.

'सुरक्षित कॅमेरा' असं म्हणताना तुम्ही सुरक्षितपणा त्या डबीत आहे असं धरून चालला आहात. वजन कमी, आकार लहान, म्हणजे धोकाही लहान. दुकानात ते पटतं. दीडशे ग्रॅमचा गोप्रो हातात धरला की हे काय कोणाचं वाकडं करणार, असंच वाटतं. पण तुमचं पॅराशूट उघडतं कसं, ते एकदा हळूहळू डोळ्यांपुढे आणा.

उजवा हात मागे जातो, गोंडा पकडतो, पायलट शूट, म्हणजे मोठ्या पॅराशूटला ओढून काढणारं छोटं पॅराशूट, बाजूला फेकतो. ते हवा धरतं, त्याला जोडलेली ब्रायडलची पट्टी ताणली जाते, पिन निघते, पिशवी पाठीवरून वर उठते. रबरबँडमधून दोऱ्या एकेक गाठ सुटत जातात. त्या पूर्ण ताणल्या की कॅनपी, म्हणजे पॅराशूटचं कापड, पिशवीतून बाहेर येते. पोटावर सपाट असाल तर हे सगळं तुमच्या पाठीमागे, सरळ वर, डोक्याला न शिवता होतं. पण फेकताना एक खांदा पडला, अंगात गिरकी शिल्लक राहिली किंवा घाईत फेकून तुम्ही पाठीवर वळलात, की त्याच दोऱ्या कानाजवळून, हनुवटीखालून जातात. आता त्या वाटेत हेल्मेटवर बोटभर उंचीचा प्लास्टिकचा आकडा उभा आहे अशी कल्पना करा. दोरी अडकायला तेवढा आकडा पुरतो. दीडशे ग्रॅम आहे की पंचवीस, हे दोरी विचारत नाही.

लॉगबुक काढा आणि ४१ पैकी किती उड्यांसमोर 'उघडताना वळलो' किंवा 'खांदा पडला' असं लिहिलंय ते मोजा. माझ्या पहिल्या चाळिसात अशा नऊ होत्या. सगळ्या निभावल्या, कारण डोक्यावर नुसतं गुळगुळीत हेल्मेट होतं.

अडकलं तर पुढे काय, हे जास्त वाईट आहे. समजा मुख्य पॅराशूट नीट उघडलं नाही. तुम्हाला शिकवलंय : कटअवे, म्हणजे मुख्य पॅराशूट सोडून द्यायचं, मग रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट उघडायचं. पण त्या बिघडलेल्या पॅराशूटची एखादी दोरी कॅमेऱ्याला धरून असेल, तर कटअवे करूनही ते तुम्हाला सोडत नाही. ते मानेला लोंबत राहतं आणि रिझर्व्ह त्याच्यातूनच वर जाऊ पाहतं. म्हणून कॅमेरावाल्यांच्या हेल्मेटला हनुवटीशी झटक्यात सुटणारा पट्टा असतो. गळ्याशी आलं तर हेल्मेटच टाकून द्यायचं, कॅमेऱ्यासकट. हा तिसरा निर्णय आहे. पहिले दोन निर्णय झोपेत उठवून विचारले तरी बरोबर क्रमाने यावेत, मगच तिसऱ्याचा विचार करायचा.

मनगटाचं म्हणाल, तर कुठल्या? उजव्यावर बांधला तर पायलट शूट फेकणारा हात तोच. ब्रायडल त्याच्याजवळूनच जाते. डाव्यावर बांधला तर अल्टिमीटर, उंची दाखवणारं घड्याळ, कुठे घालणार? शिवाय मनगटावरचा कॅमेरा तोंडाकडे धरायचा म्हणजे एक हात पुढे, एक मागे. नवख्या माणसाला अशाने गिरकी लागते. टँडेमचे, म्हणजे नवख्याला स्वतःला बांधून उडी मारणारे, इन्स्ट्रक्टर हातावर कॅमेरा लावतात ते बघून तुमच्या मित्राला हे सुचलं असेल. पण ते त्याचं वेगळं प्रशिक्षण घेतात, आणि त्यांच्या गाठीशी उड्या किती असतात ते त्यांनाच विचारा.

छातीवर बांधायची कल्पना मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. छातीवर तुमचं काय काय आहे? उजवीकडे कटअवेचं मऊ हँडल, डावीकडे रिझर्व्हचं हँडल, मध्ये चेस्ट स्ट्रॅप. म्हणजे जीव वाचवणाऱ्या सगळ्या गोष्टी हातभर जागेत, आणि तिथेच तुम्ही आणखी इलॅस्टिकचे पट्टे आणि एक डबी बसवणार. सप्टेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला सोळा जणांची उडी ठरली होती. पंधरा हजार फुटांवर दारातून बाहेर पडताना पहिल्याच माणसाच्या रिझर्व्हचं हँडल विमानाच्या पंखाच्या फ्लॅपला अडकलं. रिझर्व्ह उघडलं, विमानाच्या शेपटीला गुंतलं आणि माणूस खाली लोंबकळत राहिला. बाहेर पायरीवर उभा असलेला कॅमेरामन त्या झटक्याने खाली गेला. लोंबकळणाऱ्या माणसाकडे हुक नाइफ, म्हणजे दोऱ्या कापायचा वाकडा चाकू, होता. त्याने एकेक करून अकरा दोऱ्या कापल्या, सुटला, मुख्य पॅराशूट उघडलं आणि किरकोळ दुखापतींवर उतरला. त्यात कॅमेऱ्याचा दोष नव्हता. जिथे असायला हवं तिथेच असलेलं हँडलसुद्धा असं अडकतं, हे लक्षात यावं म्हणून सांगितलं. आपण हौसेने लावलेल्या वस्तूची गोष्ट त्याच्या पुढची.

आता समजा, कशालाच अडकणार नाही असा कॅमेरा निघाला. चष्म्यातच बसवलेला, दाण्याएवढा. तसे चष्मे आलेही आहेत. मग चालेल का? माझं उत्तर तरीही नाही असंच आहे, आणि त्या खांदे उडवणाऱ्यांच्या मनातही बहुधा हेच असतं. फक्त त्यांना सांगता येत नाही.

माझीच गोष्ट सांगते. दोनशे बाराव्या उडीला मी पहिल्यांदा कॅमेरा लावला. नियमात बसून, परवानगी घेऊन, सगळं रीतसर. विमान चढत असताना मी हेल्मेटवरचं बटण चार वेळा चाचपलं. लाल दिवा लागलाय का, म्हणून शेजारच्याला दोनदा विचारलं. काच पुसली. पुन्हा चाचपलं. बारा हजार फुटांवर दार उघडलं. मी उठले, तेव्हा समोर बसलेल्या एका पोक्त बाईने माझा हात धरला आणि काही न बोलता माझ्या छातीकडे बोट दाखवलं. चेस्ट स्ट्रॅप नुसता लोंबत होता, बकलमधून ओवलेलाच नव्हता. २११ उड्यांत असं एकदाही झालं नव्हतं. पट्टा ओवला, जागेवर बसले, आणि उडी न मारता विमानाबरोबरच खाली आले. त्या दिवशी पुन्हा वर गेले नाही.

मी एकटीच वेंधळी असेन असं वाटत असेल तर दुसरं ऐका. १९८८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात, आठशेहून जास्त उड्या झालेला एक कॅमेरामन इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थ्याचं चित्रण करत विमानाबाहेर पडला. त्याच्या पाठीवर पॅराशूटच नव्हतं. तेव्हाची कॅमेऱ्याची सामग्री जड असायची. त्या ओझ्यालाच तो पॅराशूट समजला असावा, असा अंदाज नंतर बांधला गेला. आठशे उड्या! तो माणूस निष्काळजी नव्हता. त्याचं लक्ष कामात होतं, आणि ते काम कॅमेरा हे होतं.

तुमच्या वडिलांना हे लगेच समजेल. एसटीत ड्रायव्हरच्या केबिनमागे रंगवलेली पाटी आठवते ना, 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये'? ३१ वर्षं ती पाटी त्यांच्या पाठीशी होती. बोलणारा प्रवासी वाईट नसतो. घाटात गप्पा मारल्या म्हणून बस दरवेळी दरीत जात नाही. तरी पाटी असते. कॅमेरा हा तुमच्या डोक्यावर बसलेला बोलका प्रवासी आहे : मी चालू आहे का, माझ्यात नीट येतंय का, जरा इकडे बघ, हस. पोटावर पडताना तुम्ही सेकंदाला साधारण पावणेदोनशे फूट खाली जाता. लाल दिव्याचा विचार तीन सेकंद केला तर पाचशे फूट गेले. असे तीन विचार, की तुमची उघडायची उंची मागे पडली.

कोणी म्हणेल, सायप्रेस आहेच की. आहे. उघडायला विसरलात तर ते यंत्र साधारण साडेसातशे फुटांवर, वेग ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त असेल तर रिझर्व्ह उघडून देतं. म्हणजे जमिनीपासून जेमतेम चार-साडेचार सेकंद आधी. त्याच्या भरवशावर नियोजन करणं म्हणजे एअरबॅग आहे म्हणून ब्रेक न लावणं.

दोनशेच का? त्या आकड्यात जादू काही नाही. अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनची ती शिफारस आहे. कॅमेरा घेण्याआधी 'सी' लायसन्स असावं, म्हणजे किमान दोनशे उड्या, आणि जे पॅराशूट वापरणार त्याच पॅराशूटवर अलीकडच्या पन्नास उड्या झालेल्या असाव्यात. बहुतेक ड्रॉपझोन ही शिफारस नियम म्हणूनच पाळतात. लोक दोनशेच्या आकड्यावर भांडतात आणि पन्नासची अट विसरतात. माझ्या मते ती जास्त शहाणपणाची आहे. तुमचं पॅराशूट कसं उघडतं, डावीकडे वळतं का, झटका केवढा देतं, हे अंगवळणी पडलं असेल तर डोक्यात दुसऱ्या कशाला जागा होते. १८० उड्यांवर तयार असलेली माणसं मी पाहिली आहेत आणि चारशेवरही न झालेली पाहिली आहेत. पण ४१ वर तयार असलेलं कोणी पाहिलेलं नाही. मी स्वतःही नव्हते.

एक गोष्ट तुमच्या बाजूची. पूर्वी हा मोह एवढा नव्हता, कारण कॅमेराच मुळात विटेएवढा. तो डोक्यावर घ्यायचा म्हणजे मानेचं काम, हेल्मेट खास बनवून घ्यायचं, दातांत धरायचं बटण बसवायचं. हे आपलं काम नव्हे, हे वस्तूच सांगायची. आता ती खिशात मावते, म्हणून सगळ्यांना आपलीच वाटते. यात तुमचा दोष नाही.

आता वडिलांकडे येऊ. पत्र तिसऱ्यांदा वाचताना मला वाटलं की तुम्ही विचारताय कॅमेऱ्याचं, पण अडलंय दुसरीकडेच.

डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून काय दिसतं ते मी पुष्कळ बघितलंय. दार. आभाळ. क्षितिज गरकन फिरतं. वाऱ्याचा घोंगाट. जमीन. मध्येच एक किंकाळी, ती आनंदाची आहे हे फक्त किंचाळणाऱ्याला माहीत. तुम्ही त्यात दिसतच नाही, दिसलात तर एक हातमोजा. हे बघून सांगलीत बसलेला बाप निश्चिंत होईल? माझ्या आईने माझा पहिला व्हिडिओ अर्ध्यात बंद केला होता आणि देवघरात जाऊन बसली होती.

आणि 'यात घाबरण्यासारखं काही नाही' हे त्यांना सांगूच नका. ते खरं नाही. ज्याने तीस वर्षं पावसाळ्यात घाट उतरवले, त्याला असं वाक्य ऐकलं की समोरच्याला काही कळत नाही एवढंच कळतं. घाबरण्यासारखं आहे. त्यावर तुम्ही काय काय करता, ते दाखवा. सकाळी डेपोतून गाडी काढण्याआधी ते टायरला लाथ मारून बघायचे, खाली वाकून तेल गळतंय का बघायचे, ब्रेकवर पाय दाबून पाहायचे. तुमचं पॅकिंग म्हणजे तेच तर आहे.

तेव्हा तो घेतलेला कॅमेरा परत करू नका. तिपाईवर ठेवा आणि तुम्ही पॅकिंग करताना लावून द्या. कॅनपीच्या घड्या, दोऱ्या सरळ करणं, स्लायडर, म्हणजे उघडतानाचा झटका कमी करणारं चौकोनी कापड, वर नेऊन बसवणं, पिशवीत कोंबताना गुडघ्याने हवा काढणं, रबरबँडमध्ये दोऱ्या भरणं. मराठीत बोलत बोलत करा, त्यांना सांगत असल्यासारखं. रिझर्व्ह तुम्ही स्वतः भरत नाही, दर १८० दिवसांनी परवानाधारक रिगरकडून, म्हणजे पॅराशूटच्या तंत्रज्ञाकडून, ते उघडून, तपासून पुन्हा भरून घ्यावं लागतं, हे त्याचं कार्ड दाखवून सांगा. 'गाडीच्या पासिंगसारखं' म्हणा, पुढचं ते विचारतील. विमानात चढण्याआधी तुमच्या पाठीवरची पिन तपासणारा जोडीदार दाखवा. मग एखाद्या मित्राला जमिनीवरून तुमचं उतरणं टिपायला सांगा. वर ठिपका, मग रंग, मग तीन वळणं, दोन पावलं धावून उभे राहिलात. पॅराशूट खांद्यावर घेऊन चालत कॅमेऱ्यापर्यंत या आणि घाम पुसत 'बाबा, जेवायला जातोय' म्हणा. आईवडिलांना बघायचा असतो तो हा शेवटचा भाग. वरचं पन्नास सेकंदांचं कौतुक आपल्याला.

तरी हवेतलं चित्रण हवंच, पन्नासावी एकदाच येते, हे मान्य. मग दुसऱ्याकडून करून घ्या. ड्रॉपझोनवर कॅमेरा उडवणारे अनुभवी लोक असतातच. त्यांच्या उडीचं तिकीट तुम्ही काढायचं, फी असेल ती द्यायची आणि संध्याकाळी बिअरचा खोका न्यायचा. पहिल्यांदा काहीही केलं की तो न्यावाच लागतो, हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल. त्या व्हिडिओत तुमचा चेहरा दिसेल, जो तुमच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात कधीच दिसला नसता. पण जमिनीवर पक्कं ठरवून घ्या : कुठल्या उंचीवर वेगळं व्हायचं, कोण कुठे वळणार, कोण किती फुटांवर उघडणार. आणि समोर कॅमेरा आला की अल्टिमीटर बघायला विसरू नका. आपलं चित्रण होतंय हे माहीत असणं हासुद्धा एक बोलका प्रवासीच आहे.

दुसरी सोय तुमच्या दारातच आहे. इलॉयला ड्रॉपझोनला लागून विंड टनेल आहे, म्हणजे खालून येणाऱ्या वाऱ्यावर तरंगायचा सराव करायची उभी नळी. तिथे पैसे घाला. दहा मिनिटं टनेलमध्ये काढली तर ती दहा-बारा उड्यांच्या मोकळ्या पडण्याइतकी होतात, आणि तिथलं चित्रण बाहेरून होतं. खांदा पडायची सवय मोडायला यासारखं औषध नाही.

दोनशेच्या पुढे गेलात, तेव्हा हे पुन्हा वाचा.

सुरुवात कॅमेऱ्यापासून करू नका, हेल्मेटपासून करा. स्कायडायव्हिंगसाठीच बनवलेलं, कॅमेऱ्याची जागा मुळातच असलेलं आणि हनुवटीशी कटअवे असलेलं हेल्मेट घ्या. सायकलच्या किंवा स्कीइंगच्या हेल्मेटवर गोंदाची चकती चिकटवून त्यावर लांब मानेचा माउंट लावलेला मी पाहिलाय. ती चकती थंडीत सुटते. तेरा हजार फुटांवर जमिनीपेक्षा पंचवीस-तीस अंश थंड असतं. आणि सुटलेला कॅमेरा कुणाच्या तरी दिशेने पडतो. पडू नये म्हणून दोरीने बांधायचा विचारही नको, कारण ती दोरी म्हणजे आयता फासच. मग कॅमेरा, तोही हेल्मेटला चिकटून बसणारा, मध्ये फट न ठेवणारा, जोर पडला तर सुटणारा. छोट्याशा काठीवर उभे राहणारे ३६० अंशांचे कॅमेरे आणि लोहचुंबकाने कपड्याला लागणारे अंगठ्याएवढे कॅमेरे दिसायला गोड असतात, पण पहिल्यात काठी आहे आणि दुसऱ्यात ताशी दोनशे किलोमीटरचा वारा आहे. सेल्फी स्टिकबद्दल मी बोलणारही नाही.

सगळं बसवून झालं की रिगरकडून टाकाऊ लाइनचा हातभर तुकडा मागून आणा. दोन्ही हातांत ताणून धरा आणि हेल्मेटवरून फिरवा : पुढून मागे, कानाकडून वर, हनुवटीखालून, तिरकी. जिथे अडकेल तिथे टेप लावा, कड घासा, नाहीतर जागा बदला. पुन्हा फिरवा. मी हे करायला बसले तेव्हा पहिल्या दिवशी सात ठिकाणी अडकली होती, त्यातली एक जागा बॅटरीच्या झाकणाची खाच होती, जी मला डोळ्यांना दिसतही नव्हती. मग हातमोजे घालून, डोळे मिटून, हनुवटीचा कटअवे वीस वेळा ओढा. हात आपोआप तिथे गेला पाहिजे.

सोबत कानात वाजणारा अल्टिमीटर आणि हाताला पटकन येईल असा हुक नाइफ. रेकॉर्डिंग विमानात ठरलेल्या एका उंचीवर, एकदाच सुरू करायचं. लाल दिवा लागला का ते दुसऱ्याला बघू द्या, त्याने अंगठा दाखवला की विषय संपला. नाही लागला तर नाही लागला, उडी तर झाली! पहिल्या दहा-पंधरा कॅमेरा-उड्या एकट्याने किंवा मुरलेल्या माणसांबरोबर मारा, नवशिक्यांबरोबर नको. उघडताना वर बघायची सवय असेल तर सोडा, मान सरळ ठेवा. हलका असला तरी झटक्याला ते वजन मानेवरच येतं.

आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडं. हरियाणात नारनौलला किंवा दुबईला टँडेम उडी मारायला जाणारे बरेच जण विचारतात की स्वतःचा गोप्रो न्यावा का. नेऊ नका, नेलात तरी वर घेऊ देणार नाहीत, आणि देत असतील तर त्या जागेबद्दलच मी दोनदा विचार करेन. इन्स्ट्रक्टरच्या हातावरचा व्हिडिओ की वेगळा कॅमेरामन, एवढंच विचारा. पहिल्यात चेहरा जवळून दिसतो, दुसऱ्यात आख्खी उडी दिसते आणि पैसे जास्त पडतात. कामशेतला पॅराग्लायडिंग शिकणाऱ्यांनो, तुमच्याही डोक्याजवळून दोऱ्याच जातात, तेव्हा वर लिहिलेलं बरंचसं तुम्हालाही लागू आहे.

पुण्याच्या शीतल महाजन यांचा २०१८ मधला फोटो तुम्ही पाहिला असेल, पटायाच्या आभाळात नऊवारी नेसून मारलेल्या उडीचा. तो बघून आमच्या ओळखीतल्या दोन मुलींनी 'आम्हालाही पहिली उडी साडीतच मारायचीय' म्हणून मला विचारलं होतं. शीतलताईंनी उत्तर ध्रुवावर पहिली उडी मारली ती २००४ मध्ये. नऊवारी त्यानंतर चौदा वर्षांनी आली, मध्ये शेकडो उड्या आहेत. हार्नेसखाली नऊवारी नेसायची म्हणजे एकही सुटं टोक हँडलवर येणार नाही याची आधी तजवीज करायची. फोटोत ती तजवीज दिसत नाही, साडी दिसते.

पॅकिंगच्या व्हिडिओत एक गोष्ट मुद्दाम ठेवा. पिशवी बंद होत नाही आणि तुम्ही सगळं सोडून पहिल्यापासून घड्या घालायला बसता, तो भाग कापू नका. डेपोत बिघाड दिसला की गाडी परत आत लावणारा माणूस तो बघणार आहे. त्यांनी काही विचारलं तर मला कळवा. मला वाटतं, पहिला प्रश्न रिगरच्या कार्डाबद्दल असेल.